मोजण्याची रीत

११ जून २०२२ च्या पहाटे मुंबईच्या विधान भवनात तेहतीस मते मिळालेला उमेदवार पडला आणि सत्तावीस मते मिळालेला निवडून आला. राज्यसभेच्या सहा जागा होत्या आणि उमेदवार सात. सहाव्या जागेसाठी शिवसेनेचे संजय पवार आणि भाजपचे धनंजय महाडिक यांची गाठ पडली होती. दोघेही कोल्हापूरचे, त्यामुळे त्या रात्री कोल्हापुरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला असेल असे वाटत नाही. मतदान आदल्या दिवशीच आटोपले होते, पण आक्षेप-प्रतिआक्षेप दिल्लीपर्यंत गेले आणि मोजणीला मध्यरात्र उलटली. पहिल्या पसंतीची मते मोजली तेव्हा पवार ३३, महाडिक २७. गुलाल उधळला तो महाडिकांच्या नावाने.

पुढचे काही दिवस घोडेबाजार, फुटलेले आमदार आणि कुणी कुणाला दगा दिला यावर रकानेच्या रकाने भरले. हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडला. वैध मते होती २८४. या निवडणुकीत प्रत्येक मताचे मूल्य शंभर धरतात, म्हणजे झाले २८,४००. जागा सहा, म्हणून सातने भागायचे आणि एक मिळवायचा. उत्तर येते ४,०५८. आमदारांच्या भाषेत सांगायचे तर ४०.५८ मते. हा कोटा. कोटा गाठला तो निवडून आला, आणि कोट्याच्या वरची त्याची मते घटलेल्या मूल्याने मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. पीयूष गोयल आणि अनिल बोंडे यांना भाजपने प्रत्येकी ४८ मते घातली होती, गरजेपेक्षा सात-सात जास्त. ती सढळपणे घातलेली नव्हती, मोजून घातलेली होती. दोघांकडची मिळून चौदाच्या वर मते महाडिकांच्या पदरात पडली आणि ते एक्केचाळीस ओलांडून गेले. महाविकास आघाडीच्या तीन विजयी उमेदवारांकडे उरले होते सगळे मिळून सहाच्या आसपास. पवार एकोणचाळीसवर अडकले.

आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने करून बघा. भाजपच्या तिघांची पहिल्या पसंतीची मते एकत्र केली तर १२३ होतात, आणि तीन कोट्यांना लागतात १२१.७४. आघाडीच्या चौघांची होतात १६१, आणि चार कोट्यांना लागतात १६२.३२. वरवर उलटा दिसणारा निकाल त्या पहाटेच्या दोन्ही गटांच्या बळाशी अगदी काट्यावर जुळतो. मते फुटली की फोडली हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारायलाच हवा. पण तेहतीसवाला पडला म्हणजे काहीतरी काळेबेरे आहे असे ज्यांना वाटले, त्यांच्या डोक्यात दुसऱ्याच निवडणुकीचा नियम होता: ज्याला जास्त मते तो निवडून आला. आपण सगळे त्या नियमावर वाढलो. त्यामुळे तो नियम आहे, कुणीतरी तो निवडला आहे आणि त्याच्या जागी दुसरा असू शकला असता, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

हे पुस्तक अशा मोजण्याच्या रीतींविषयी आहे. निवडणुकीतला अन्याय म्हटले की आपल्यासमोर पाकिटे येतात, बोगस मतदान येते, यादीतून गायब झालेली नावे येतात, यंत्रांवरचे संशय येतात. हे नियम मोडण्याचे प्रकार झाले. पुढच्या लेखांचा रोख आहे तो नियम तंतोतंत पाळूनही जे घडते त्यावर. त्यात आरोपी सापडत नाही, म्हणून वर्तमानपत्रांना त्याची गोडी नसते, आणि आकडे आले की वाचकही पान उलटतो. पण गणित येथे बेरीज-भागाकाराच्या पुढे फारसे जात नाही. वर जे केले, त्याहून अवघड असे एकच प्रकरण आहे आणि ते वगळून वाचले तरी चालेल.

त्या वगळण्याजोग्या प्रकरणाविषयी दोन शब्द. अठराव्या शतकात पॅरिसच्या विज्ञान अकादमीत बोर्दा आणि काँडोर्सेत या दोन विद्वानांनी हा वाद सुरू केला. बोर्दाचे म्हणणे, मतदाराने उमेदवारांचे क्रम लावावेत आणि क्रमांना गुण द्यावेत. काँडोर्सेतचे म्हणणे, प्रत्येक उमेदवाराची प्रत्येकाशी स्वतंत्र लढत लावून पाहावी. १७८५ मध्ये त्याने दाखवून दिले की अशा लढतींतूनही पेच निर्माण होतो. गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत तीन सभासद आहेत. पहिल्याला आधी लिफ्ट हवी, मग टाकी, मग रंग. दुसऱ्याला टाकी, रंग, लिफ्ट. तिसऱ्याला रंग, लिफ्ट, टाकी. आता लिफ्ट टाकीला दोन-एक हरवते, टाकी रंगाला दोन-एक हरवते, आणि रंग लिफ्टला दोन-एक हरवतो. प्रत्येक सभासद शहाणा आणि सभा वेडी. अशा वेळी सेक्रेटरी कोणता विषय आधी मताला टाकतो त्यावर सगळे ठरते, आणि जो सेक्रेटरी वर्षानुवर्षे टिकतो त्याला हे काँडोर्सेत न वाचता माहीत असते. १९५१ मध्ये केनेथ ॲरो याने सिद्ध केले की तीन किंवा अधिक पर्याय असतील, तर मतदारांच्या पसंतीक्रमांवरून समाजाचा पसंतीक्रम काढणारी कोणतीही रीत काही अगदी साध्या, रास्त अटी एकाच वेळी पाळू शकत नाही. यावरून पुष्कळ जण असा निष्कर्ष काढतात की सगळ्याच रीती सारख्याच वाईट, मग आहे ती काय वाईट? मला हा आळशीपणा वाटतो. निर्दोष रीत नाही एवढ्यावरून कोणत्या रीतीचा दोष कुणाच्या माथी बसतो हे पाहायचे नाही, असे होत नाही.

ते पाहण्यासाठी मुंबईइतकी चांगली जागा नाही. १९३२ च्या पुणे करारानंतर अस्पृश्य वर्गाच्या स्वतंत्र मतदारसंघांच्या जागी संयुक्त मतदारसंघ आणि राखीव जागा आल्या. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबई इलाख्याच्या विधानसभेत अशा पंधरा जागा होत्या. त्या एकाहून अधिक सदस्य निवडणाऱ्या मतदारसंघांतल्या होत्या, आणि मुंबई इलाख्यात मतदाराला एक सवलत होती: जितक्या जागा तितकी मते, आणि ती सगळी हवी तर एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकायची. अल्पसंख्य गटाला ही सवलत केवढी मोठी, ते सांगायला नको. बहुसंख्यांची मते अनेक उमेदवारांत वाटली जातात. अल्पसंख्यांनी आपली सगळी मते एका माणसावर लावली तर तो निघतो. डॉ. आंबेडकरांच्या नव्या स्वतंत्र मजूर पक्षाने त्या निवडणुकीत लढवलेल्या जागांपैकी बहुतेक जिंकल्या. चळवळ होती, संघटना होती, नेता होता, हे खरेच; पण मोजण्याची रीतही आड आली नाही.

१९५२ ची पहिली लोकसभा निवडणूक. उत्तर मुंबई शहर हा द्विसदस्य मतदारसंघ: एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला मतपत्रिका दोन, उमेदवारागणिक चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी. पण आता नियम बदलला होता. दोन मते दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यायची. दोन्ही एकाच पेटीत टाकली तर एक मोजायचे, दुसरे बाद. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे आंबेडकर राखीव जागेवर आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता सर्वसाधारण जागेवर, अशी युती होती. समोर काँग्रेसची जोडी, शिवाय कम्युनिस्टांचे डांगे. निकाल लागला तेव्हा काँग्रेसचे नारायण काजरोळकर यांना १,३८,१३७ मते आणि बाबासाहेबांना १,२३,५७६. घटना समितीच्या मसुदा समितीचा अध्यक्ष नव्या घटनेखालच्या पहिल्याच निवडणुकीत साडेचौदा हजारांनी पडला. बाद मते होती सत्तर हजारांहून अधिक.

मराठीत यासाठी त्या काळी एक खास शब्द रूढ झाला: मते कुजवणे. आपले दुसरे मत युतीतल्या वा विरोधातल्या राखीव उमेदवाराला जाऊ नये म्हणून दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत टाकायच्या. एक मोजले जाईल, दुसरे कुजेल, पण नको त्याला तर मिळणार नाही. डांग्यांच्या बाजूने असा प्रचार झाला असा आरोप करून आंबेडकर आणि मेहता यांनी निवडणूक याचिका केली. ती फेटाळली गेली. पुढे १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत, तोही द्विसदस्य मतदारसंघ, कार्यकर्त्यांनीच बाबासाहेबांना सुचवले की आपल्या लोकांना दुसरे मत कुजवायला सांगू या, आणि त्यांनी साफ नकार दिला, अशी आठवण आंबेडकरी चळवळीत आजही सांगितली जाते. भंडाऱ्यात मेहता निवडून आले. आंबेडकर पडले.

दोन्ही निवडणुका शेजारी ठेवल्या की जे दिसते, ते या पुस्तकाचे मर्म आहे असे मी समजतो. दोन्ही मते एकाच माणसाला देणारा मतदार १९३७ मध्ये शहाणा होता. त्याची दोन्ही मते मोजली जात होती. १९५२ मध्ये तीच कृती करणाऱ्याचे एक मत सडत होते. मतदाराच्या मनात काय आहे ते बदलले नव्हते. १९३७ च्या नियमाने त्याच्या आवडीला जोर दिला. १९५२ च्या नियमाने दुसऱ्यांच्या नावडीला. कुणी म्हणेल, १९३७ चा नियम राहिला असता तर बाबासाहेब निवडून आलेच असते काय? ते सांगता येत नाही, कारण नियम बदलला की प्रचार बदलतो, उमेदवार बदलतात, डांगेही वेगळे वागले असते. म्हणूनच मी साडेचौदा हजारांच्या आकड्यावर काही इमारत उभी करत नाही.

पण एक कागद मात्र मागे राहिला आहे. जानेवारी १९४९ मध्ये घटना समितीत मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी दुरुस्ती सुचवली होती, की लोकसभेची निवडणूक बहुसदस्य मतदारसंघांतून, मते एकवटण्याची मुभा देऊन, प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने व्हावी. उत्तर आंबेडकरांनीच दिले आणि दुरुस्ती नाकारली. देशात साक्षरता नाही, मतदाराला क्रमांक लिहिता आले पाहिजेत; शिवाय अशा रीतीने सभागृहात इतके गट होतील की स्थिर सरकार टिकणार नाही. दोन्ही कारणे त्या क्षणी वजनदार होती. फाळणीला दीड वर्ष झाले होते, आणि अक्षर न ओळखणाऱ्या कोट्यवधी लोकांना एका दमात मताधिकार द्यायचा होता. पण १९५५ मध्ये भाषिक राज्यांवर लिहिलेल्या पुस्तकात, अल्पसंख्यांना संरक्षण कसे द्यायचे या प्रश्नावर आंबेडकरांनी काय सुचवले? दोन किंवा तीन सदस्यांचे मतदारसंघ आणि मते एकवटण्याची मुभा. करीमुद्दीन यांच्या सूचनेपासून हे फार लांब नाही. हा बदल कशामुळे झाला याबद्दल त्यांच्या मनात डोकावण्याचा मोह होतो. तारखा पुरेशा बोलक्या आहेत.

द्विसदस्य मतदारसंघांचा शेवट १९६१ च्या कायद्याने झाला. त्याला निमित्त झाले आंध्रातल्या पार्वतीपुरम्‌ येथील १९५७ ची निवडणूक. एक जागा सर्वसाधारण, एक आदिवासींसाठी राखीव. नियम असा की राखीव वर्गातल्या उमेदवारांपैकी जास्त मतांचा आधी राखीव जागेवर, आणि मग उरलेल्यांत, कोणत्याही वर्गाचा असो, ज्याची मते जास्त तो सर्वसाधारण जागेवर. दोन्ही जागांवर आदिवासी उमेदवारच निवडून आले. सहाशेहूनही कमी मतांनी पडलेले सर्वसाधारण उमेदवार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये तेथेही हरले. राखीव जागा ही किमान हमी आहे, कमाल मर्यादा नाही, असा त्या निकालाचा अर्थ. निकाल स्वच्छ होता. राजकीय पक्षांना तो पचला नाही, आणि दोन वर्षांत मतदारसंघच मोडीत निघाले.

त्या पडलेल्या उमेदवाराचे नाव वराहगिरी वेंकट गिरी.

दहा वर्षांनी हेच गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर राष्ट्रपती झाले. आजवरच्या राष्ट्रपती निवडणुकांत पहिल्या पसंतीवर निकाल न लागलेली ही एकमेव निवडणूक, आणि तिच्यात रोह्याच्या देशमुख घराण्यातले चिंतामणराव देशमुख तिसरे उमेदवार होते. मराठी वाचकाला चिंतामणराव आठवतात ते संयुक्त महाराष्ट्रासाठी केंद्रीय अर्थमंत्रिपदावर पाणी सोडणारे म्हणून. १९६९ चे चिंतामणराव जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचे उमेदवार होते, ही गोष्ट आपण सोयीने विसरतो.

मे महिन्यात राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले होते. काँग्रेसच्या सिंडिकेटने, म्हणजे पक्षातल्या जुन्या नेत्यांच्या गटाने, नीलम संजीव रेड्डी यांचे नाव पुढे केले, इंदिरा गांधींना ते नको होते. उपराष्ट्रपती गिरी हंगामी राष्ट्रपती होते. १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाच्या अध्यादेशावर त्यांनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी पद सोडून अपक्ष म्हणून मैदानात उतरले. गंमत अशी की इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली त्या १९५५ साली अर्थमंत्री चिंतामणराव होते, आणि आता राष्ट्रीयीकरणाला कडाडून विरोध करणाऱ्या स्वतंत्र पक्षाने त्यांना उभे केले होते.  

निवडणूक १६ ऑगस्टला झाली. येथे आमदार-खासदारांच्या मतांना लोकसंख्येच्या प्रमाणात मूल्य असते, त्यामुळे आकडे लाखांत दिसतात. एकूण वैध मूल्य ८,३६,३३७. निवडून यायला हवे ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८, देशमुखांना १,१२,७६९. बाकी किरकोळ. म्हणजे गिरी अठ्ठ्याऐंशी हजारांनी पुढे, पण साडेसोळा हजारांनी अपुरे. मग तळचे उमेदवार एकेक करून बाद झाले आणि शेवटी देशमुखांच्या मतपत्रिका उघडल्या. त्यांतली बहुतेक दुसऱ्या पसंतीने रेड्डींकडे गेली. रेड्डींना वरून मिळाले ९१,८७९, गिरींना १८,५६२. अखेरचा हिशेब: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. कोट्याच्या वर गिरींकडे होते अवघे १,९०८.

दुसऱ्या पसंतीने निकाल बदलला नाही, असे म्हणून हा प्रसंग सोडून देता येईल. पण तिने राजकारण बदलले. दुसरी पसंती मोलाची आहे हे ओळखून काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलणी केली, की तुमची पहिली पसंती देशमुखांना द्या, दुसरी आमच्या रेड्डींना. हा नियमाचा अगदी सरळ वापर होता. इंदिरा गांधींच्या गोटाने मात्र त्याचे हत्यार केले: पक्षाध्यक्षच प्रतिगाम्यांशी हातमिळवणी करत आहेत, तेव्हा खासदार-आमदारांना सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देऊ द्या. तसे झाले, आणि नोव्हेंबरात काँग्रेस दुभंगली. साध्या बहुमताची रीत असती तर निजलिंगप्पांना कुणाच्या दारात जावेच लागले नसते. चिंतामणराव उभे तरी राहिले असते की नाही, कोण जाणे. मते खाणारा तिसरा म्हणून त्यांना बसवण्याचा प्रयत्न नक्कीच झाला असता.

मते खाणारा तिसरा हा आपल्या नेहमीच्या रीतीने जन्माला घातलेला प्राणी आहे. १९५२ मध्ये समाजवादी पक्षाला देशभर दहा टक्क्यांहून अधिक मते आणि बारा जागा मिळाल्या. कम्युनिस्टांना सव्वातीन टक्के आणि सोळा. समाजवाद्यांची मते सगळीकडे पातळ पसरलेली, कम्युनिस्टांची मोजक्या ठिकाणी घट्ट. २०१४ मध्ये बहुजन समाज पक्ष मतांच्या हिशेबात देशात तिसरा होता आणि लोकसभेत त्याचा एकही माणूस नव्हता. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला दोन्ही आघाड्यांच्या मतांत एका टक्क्याचाही फरक नव्हता, जागा मात्र तीस आणि सतरा. सहा महिन्यांत विधानसभेला महायुतीच्या तीन मुख्य पक्षांनी निम्म्याच्या जरा खालच्या मतांवर २८८ पैकी २३० जागा घेतल्या. लोकसभेला ज्यांनी या रीतीचे फळ चाखले ते विधानसभेला तिच्या नावाने बोटे मोडत होते, आणि उलटही. या आकड्यांवर पुस्तकात एक अख्खे प्रकरण आहे. मी येथे रेंगाळत नाही, कारण जिंकताना गप्प आणि हरल्यावर तत्त्वज्ञ, ही सर्वपक्षीय रीत वाचकाला पाठ आहे.

दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे, कारण पसंतीक्रमाच्या रीतीचे भक्त कधी कधी ती सर्व रोगांवरचे औषध असल्यासारखे बोलतात. अमेरिकेतल्या अलास्का राज्यात ऑगस्ट २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहाच्या पोटनिवडणुकीत तीन उमेदवार होते: डेमोक्रॅट मेरी पेल्टोला, रिपब्लिकन सारा पेलिन आणि रिपब्लिकन निक बेगिच. मतपत्रिकांवरचे क्रम नंतर तपासले तेव्हा दिसले की बेगिच या दोघींपैकी कुणालाही समोरासमोर हरवू शकत होते. पण पहिल्या पसंतीत ते तिसरे आले, म्हणून सर्वांत आधी बाद झाले, आणि पेल्टोला निवडून आल्या. पुष्कळांचा दुसरा आणि थोड्यांचा पहिला असलेल्या माणसाला ही रीत दारातच अडवते. काँडोर्सेत हे बघून हसला असता.

राहता राहिला प्रश्न, रीत ठरवायची कुणी आणि कधी. माझ्या मते न्यायाचा निम्मा भाग येथे आहे, आणि आपल्याकडे त्याची सर्वांत वाईट अवस्था पाहायची तर दिल्लीपर्यंत जायला नको. मुंबई सोडून राज्यातल्या महापालिका पाहाव्यात. २००२ ला तीन सदस्यांचे प्रभाग. २००७ ला एकाचा वॉर्ड. २०१२ ला दोनाचा. २०१७ ला चाराचा. मग महाविकास आघाडीचे सरकार आले आणि आधी एकाचा, मग तीनाचा ठरला. २०२२ मध्ये सरकार बदलले आणि पुन्हा चार. प्रत्येक वेळी कारण लोकहिताचे होते आणि प्रत्येक वेळी ते सत्तेवरच्या पक्षाला सोयीचे होते. पुण्यात मतदार केंद्रात जातो, अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या मतपत्रिका लावलेल्या यंत्रांवर चार बटणे दाबतो, आणि बाहेर येऊन विचारतो, की पाणी आले नाही तर यांतल्या कुणाला फोन करायचा? प्रत्येक जागेची मोजणी स्वतंत्र, जास्त मते तो विजयी. त्यामुळे प्रभागात चाळीस टक्के पाठबळ असलेले पॅनेल, समोर मते विभागली असतील तर, चारही जागा घेऊन जाते.

आयर्लंडमध्येही असेच तीन-चार-पाच सदस्यांचे मतदारसंघ आहेत. मोजणी मात्र आपल्या राज्यसभेसारखी पसंतीक्रमाची, आणि ही रीत घटनेत लिहिलेली असल्यामुळे जनमत घेतल्याशिवाय बदलता येत नाही. १९५९ मध्ये एमन डी व्हॅलेरा यांच्या पक्षाने ती काढून टाकायचा घाट घातला. सरकारचे गणित उघड होते: साध्या बहुमताची रीत आली की मोठ्या पक्षाच्या जागा वाढणार. जनमताचा कौल आणि राष्ट्रपतीची निवडणूक एकाच दिवशी ठेवली. लोकांनी डी व्हॅलेरांना राष्ट्रपती केले आणि त्यांच्या पक्षाचा प्रस्ताव थोडक्या मतांनी पाडला. १९६८ मध्ये पुन्हा विचारले, तेव्हा कितीतरी मोठ्या फरकाने पाडला.

पुण्याच्या चार सदस्यांच्या प्रभागात आयरिश पद्धतीने मोजले तर कोटा होईल एकूण मतांच्या पाचव्या भागाहून एक मत जास्त. एकवीस टक्के लोक ज्याच्या मागे आहेत त्याचा एक नगरसेवक हमखास येईल, आणि चाळीस टक्केवाल्यांना चारही मिळणार नाहीत. प्रभागांची रचना आहे तीच चालेल. यंत्रांऐवजी कागदी मतपत्रिका घ्याव्या लागतील, पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत त्या आजही असतात. आणि कायदा बदलावा लागेल. साक्षरतेची १९४९ मधली अडचण पुण्यात आता कुणी पुढे करू नये. खरा अवघड भाग आहे तो महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्ग यांच्या राखीव जागांचा पसंतीक्रमाशी मेळ घालण्याचा. शेवटच्या प्रकरणात त्याची दोन उत्तरे दिली आहेत. पहिले पार्वतीपुरम्‌च्या नियमाच्या जवळ जाते आणि मला ते पटते. दुसरे मला पटलेले नाही, पण ते खोडून काढण्याजोगा हिशेबही मला अजून मांडता आलेला नाही.